कुंपणापलीकडचा पाठमोरा माणूस

मी मुळातच भित्री भागूबाई. पुण्यात असताना पालीला घाबरायचे, लिफ्टला घाबरायचे, स्कूटीवरून ट्रकच्या पुढे जायची वेळ आली की मुकाट मागे राहायचे. शिकायला म्हणून ऑस्ट्रेलियात आले तेव्हा आईला खात्री होती, की ही पहिल्याच सुट्टीत परत येणार आणि पुन्हा जाणार नाही. मी राहिले, कारण इतक्या लांबच्या विमानप्रवासाची पुन्हा हिंमत झाली नाही. आणि अशा बाईने पुढे देशाच्या उत्तर टोकाला डार्विनला येऊन नोकरी कसली धरली, तर भर पावसाळ्यात खेळण्याएवढ्या विमानात बसून नद्यांपलीकडच्या, इथल्या मूळनिवासींच्या वस्त्यांवर जायची. नवरा अजून चिडवतो, की मुलाखतीत तुझं नेमकं काय पाहून तुला घेतलं. मी म्हणते, त्यांना घाबरणारं माणूसच हवं होतं.

हे अगदीच खोटं नाही. मी डायलिसिसचं पाणी सांभाळते. ज्यांच्या किडन्या निकामी झाल्या आहेत त्यांचं रक्त मशीनमधून धुऊन काढावं लागतं आणि त्याला पाणी लागतं, खूप पाणी. त्यासाठी आपल्या ओट्यावर असतो तसाच आरओ असतो, फक्त खोलीभर मोठा. नळाचं पाणी आपण पितो तेव्हा मध्ये पोट असतं, आतडी असतात. डायलिसिसला बसलेल्या माणसाचं रक्त आणि हे पाणी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, बस. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं. ते तेवढं मशीनपर्यंत पोचलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात आणि माणूस खुर्चीत बसल्या बसल्या जाऊ शकतो. ते अडवायला आरओच्या आधी कोळशाच्या टाक्या असतात. कोळसा क्लोरीन धरून ठेवतो, पण त्याचीही धरायची ताकद कधीतरी संपते. म्हणून कुणालाही खुर्चीत जोडण्याआधी टाकीतून निघालेलं पाणी छोट्या बाटलीत घ्यायचं आणि त्यात एक गोळी विरघळवायची. पाणी होतं तसंच राहिलं तर पुढे जायचं. गुलाबी झालं तर थांबायचं.

माझी सगळी नोकरी या गुलाबी रंगाच्या भीतीवर चालते. लेकीच्या वाढदिवसाला कुणी गुलाबी फुगे आणले तरी मी ते आतल्या खोलीत नेऊन ठेवते. ती म्हणते, "मम्मा, you're so weird."

वस्तीवर पहिल्यांदा जायचं ठरलं तेव्हा मात्र भीती पाण्याची नव्हती. ती माणसांची होती, आणि ती मला आयती मिळाली होती. डार्विनमध्ये आमची मराठी मंडळी जमली की जेवणानंतर कुणीतरी सांगायचंच, की अमुक दुकानासमोर गाडी उभी करू नकोस, बसस्टॉपवर ती मूळनिवासी माणसं बसली असतील तर पलीकडून जा, डोळ्याला डोळा भिडवू नकोस. सांगणाऱ्यांपैकी कुणी त्या माणसांशी एक वाक्य बोललेलं नव्हतं. मीही नव्हते. पण भीती घ्यायला ओळख कुठे लागते! मी वस्तीवर एकटी जाणार हे कळल्यावर एका मैत्रिणीने मला शिट्टी आणून दिली, गळ्यात अडकवायची. ती मी खरंच अडकवली.

तिथे पोचल्यावर कळलं की शिट्टी वाजवून ऐकायला येणार कोण. पावसाळ्यात नदी चढली की रस्ता बंद होतो आणि वस्तीचं बेट होतं. एक दुकान, त्यात सुकलेले कोबी आणि थंड पेयांच्या बाटल्यांची भिंत. एकेका घरात तीन पिढ्या, आणि बाहेर ओसरीवरही गाद्या. फोनचा एकच टॉवर. विमान आणि अडीअडचणीचा एक सॅटेलाइट फोन सोडला तर बाहेरच्या जगाशी दुसरा धागा नाही. आणि एवढ्याशा वस्तीत किडनीचे पेशंट इतके, की डार्विनच्या आमच्या अख्ख्या सबर्बमध्येही नसतील. आमच्याकडे नळाच्या पाण्यात काही फेरफार करायचा झाला तर आदल्या दिवशी डायलिसिस सेंटरच्या फोनवर मेसेज येतो. इथे टॉवर पडला की मेसेजही पडला.

वस्तीच्या कडेला पत्र्याचं एक घर होतं, तेच डायलिसिसचं युनिट. पुढे व्हरांडा, आत दोन खुर्च्या, मागे माझी आरओची खोली आणि सगळ्याभोवती तारेची जाळी. तिथली नर्स केरळची, माझ्याच वयाची. आमची भाषा म्हणजे इंग्रजी, आणि दमलो की तिचं मोडकं हिंदी. दुसरी नर्स सोडून गेली होती. तिच्या जागेवर कुणी आलं नव्हतं.

आणि तिथे होती आंटी. उत्तरेकडे मोठ्या बायकांना सगळे आंटीच म्हणतात, मानाने. ही उंच, सडपातळ, पांढऱ्या केसांची बाई तिथली मूळची. वस्तीवर युनिट नव्हतं तेव्हा ती कित्येक वर्षं डार्विनच्या पेशंटांच्या होस्टेलमध्ये काढून आली होती, हायवेच्या कडेच्या. एक दिवसाआड सेंटरवर नेणारी व्हॅन, आणि मधल्या दिवशी होस्टेलच्या पायरीवर बसणं. तिची धाकटी बहीणही तिच्याबरोबर होती. तिला नेताना डॉक्टर म्हणाले होते, थोड्या आठवड्यांसाठी चल. ती परत आली ती पेटीतून. आंटीने हे मला सांगितलं तेव्हा बहिणीचं नाव घेतलं नाही. गेलेल्या माणसाचं नाव त्यांच्यात घेत नाहीत. युनिट झालं तेव्हा पहिली परत आलेली हीच. ती म्हणाली होती, आता मी त्या विमानात बसणार नाही. इथून हलायचं नाही, एवढंच तिला हवं होतं. मी दर वेळी पोचले की ती आधी विचारायची, "पाणी बरं आहे?" मी हो म्हटलं की मगच कशी आहेस वगैरे.

ती सकाळ वादळानंतरची. रात्रभर पत्रे वाजत होते आणि मी क्वार्टरच्या पलंगावर उशी धरून बसले होते. सकाळी बघते तर टॉवर बंद, युनिटच्या मागच्या फाटकावर झाड पडलेलं, नदी तांबडी आणि अगदी दुकानाच्या मागेपर्यंत आलेली. वस्तीतले सगळे पडलेली झाडं ओढण्यात गुंतले होते. नर्सने नेहमीप्रमाणे पहाटेच पाण्याची तपासणी केली होती, पाणी साफ होतं. आंटी आली, व्हरांड्याच्या खिडकीशी असलेल्या तिच्या ठरलेल्या खुर्चीत बसली. नर्स सुया, नळ्या मांडायला लागली.

तेव्हा मला तो दिसला. जाळीबाहेर, पुढच्या फाटकाजवळ, एक धिप्पाड माणूस उभा होता. अंगात चिखलाने माखलेला शर्ट, हातात मोठा पाना. तो आमच्याकडे पाठ करून उभा होता.

येणारा माणूस येतो, हाक मारतो, नाहीतर निघून जातो. पाठ करून नुसता उभा राहतो तो कशासाठी? मी नर्सला विचारलं, "ये कौन है?" ती म्हणाली, वस्तीच्या पाण्याच्या पंपावर काम करतो बहुतेक, इथे कधी आलेला नाही. थोड्या वेळाने तो चालू लागला आणि मी श्वास सोडला. पण तो जाळीला धरून कोपऱ्यापर्यंत गेला, पडलेल्या झाडापाशी थांबला आणि परत येऊन तिथेच, तसाच उभा राहिला. मग त्याने पान्याने जाळीच्या खांबावर ठण ठण केलं. वळून न बघता.

डार्विनच्या जेवणांनंतर ऐकलेलं सगळं एकदम डोक्यात आलं. मी दाराला आतून कडी घातली. घातली आणि मग गळ्यातली शिट्टी हातात धरली, आता हसू येतं. नर्सला म्हटलं, थोडं थांबू या. ती म्हणाली की थांबून काय होणार, नदी चढते आहे, वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, आंटीला जोडून टाकते. तिचंही खरं होतं.

मी आंटीकडे बघितलं. तिने मांडीवरचा टॉवेल डोक्यावरून पार चेहऱ्यापर्यंत ओढून घेतला होता आणि तोंड भिंतीकडे केलं होतं. म्हणजे हिलाही भीती वाटतेय. ही इथली, हिला माहीत असणार हा माणूस कसा आहे ते.

पण तिचा पाय हलत होता. आरामात, एखादं गाणं मनात चालू असल्यासारखा. घाबरलेल्या माणसाचा पाय असा हलत नाही, हे मला चांगलं माहीत आहे, तो माझा विषय आहे. मी तिच्या खांद्याकडे बघितलं, टॉवेलची कड दोन बोटांत धरलेल्या त्या हाताकडे बघितलं, आणि मला आमच्या हडपसरच्या फ्लॅटमधली आई दिसली.

आई साताऱ्याकडची. आजोबा, म्हणजे तिचे सासरे, गावाहून राहायला आले की हॉलमधून त्यांच्या चपलांचा आवाज येताच ती पदर घ्यायची आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहायची. कड अशीच दोन बोटांत. आजोबाही दारात आले की आधी खाकरायचे आणि तिरपे उभे राहायचे, तिच्याकडे न बघता. ते एकमेकांशी बोलायचे ते माझ्यामार्फत. त्यांना सांग, पान वाढलंय. तिला सांग, मला भाकरी नको. दोघं एकाच खोलीत, आणि मी मध्ये टपालवाली. त्यात भीती नव्हती, राग तर अजिबात नव्हता. आजोबा गेले तेव्हा सगळ्यांत जास्त आई रडली.

मी आंटीजवळ वाकले आणि हळूच विचारलं, "जावई का?"

टॉवेलच्या आतून हसल्यासारखा आवाज आला. ती म्हणाली, "मला बघता येत नाही. सासूने जावयाकडे बघायचं नसतं आमच्यात. तू जा. त्याला काहीतरी हवंय."

मी नर्सला म्हटलं, अजून सुई घालू नकोस, मी आलेच. कडी काढताना शिट्टी अजून हातातच होती, कारण समजलं म्हणून शरीर लगेच ऐकतं असं नाही. फाटकापाशी गेले. तो वळला नाही, फक्त मान थोडी माझ्या बाजूला केली. आवाज एकदम मऊ. म्हणाला, टॉवर बंद पडायच्या जरा आधी शहरातल्या ऑफिसातून फोन आला होता, पुराचं पाणी बोअरमध्ये शिरलं असेल म्हणून क्लोरीन बरंच वाढवायला सांगितलं. त्याने सकाळी वाढवलं. मग त्याच्या मनात आलं की तुम्हा लोकांना हे कुणी कळवलंय का. "तुमचं ते मशीन आहे ना," तो म्हणाला. तुमचं मशीन म्हणाला. त्यावर कोण बसतं, हे त्याने तोंडातून काढलं नाही.

मी आत पळाले. नर्सच्या हातात सुई होती, आंटीचा हात पुसून तयार होता. मी ओरडले, थांब. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडले नसेन. टाकीनंतरच्या नळाचं पाणी बाटलीत घेतलं, गोळी टाकली. हलवायचीही गरज पडली नाही. गोळीभोवतीच गुलाबी रंग सुटायला लागला आणि बघता बघता बाटली गर्द झाली. दुसऱ्या टाकीनंतरचं पाणी घेतलं. तेही गुलाबी.

नर्सने हातातली सुई ट्रेमध्ये ठेवून दिली. तिने काही चूक केली नव्हती. तिने तपासलं तेव्हा पाणी खरंच साफ होतं.

सॅटेलाइट फोनवर डार्विनचा डॉक्टर मिळाला. तो म्हणाला, धोका पत्करायचा नाही, विमान पाठवतो, पेशंटला इकडे घेऊन या, बाकीच्यांना एक दिवस चालेल. आंटीची आदली डायलिसिसची पाळी आधीच चुकली होती, तिचे पाय सुजले होते. फोन स्पीकरवर होता. विमान हा शब्द तिने ऐकला आणि खुर्चीचे दोन्ही हात धरले. टॉवेल अजून तोंडावर होता. आता तिचा पाय हलत नव्हता.

मग ती म्हणाली, "त्याला विचार, पाणी हलकं करता येईल का."

मी फाटकापाशी गेले. त्याने पाना खाली ठेवला. मग म्हणाला, करता येईल, पण सगळी पोरं तेच पाणी पितात. मागच्या पुराच्या वेळी पोरांना जुलाब झाले होते, एक बाळ गेलं. तिला सांग, मला नाही करता येणार. हे सांगताना त्याने कपाळ खांबाला टेकवलं. मी ते तसंच आत आणून सांगितलं, लहानपणी भाकरीचे निरोप सांगायचे तसं, एकही शब्द न बदलता. आंटी म्हणाली, "बरोबर आहे. पोरं आहेत." त्या पोरांत तिची नातवंडं होती.

मला खरं सांगायचं तर त्या वेळी पळून जावंसं वाटत होतं. विमान येतच होतं, त्यात तिच्याबरोबर मीही बसून घरी जाऊ शकले असते. पण खोलीत नव्या कोळशाच्या गोण्या पडल्या होत्या. टाकीतला जुना कोळसा काढून नवा भरला, नीट धुतला, तर तेवढं क्लोरीनही अडायला हवं. हवं. होईलच असं मी सांगू शकत नव्हते. आणि त्या गोण्या मला एकटीला उचलण्यासारख्या नव्हत्या, नर्सची तर पाठ आधीच धरलेली. उचलू शकणारा माणूस एकच होता आणि तो फाटकाच्या आत पाऊल टाकणार नव्हता, कारण आरओच्या खोलीकडे जायची वाट व्हरांड्याच्या समोरूनच होती.

मग मी युनिटमधल्या सगळ्या चादरी काढल्या आणि व्हरांड्याच्या कडेने कपड्यांच्या दोरीवर एकीला एक लावून वाळत घातल्यासारख्या घातल्या. आंटीने खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली. मी बाहेर जाऊन म्हटलं, ये. तो आला, मान खाली घालून, चादरींच्या पलीकडून. वाऱ्याने एक चादर उडाली तशी मी धावत जाऊन तिचं टोक धरलं आणि तो खोलीत शिरेपर्यंत तशीच उभी राहिले. आत आम्ही न बोलता काम केलं. तो गोण्या उचलून द्यायचा, मी भरायचे. दोघंही काळे झालो. पंपाच्या आवाजात विमान आल्याचं ऐकू आलं नाही, नर्सने येऊन सांगितलं. पायलट म्हणत होता, पलीकडे ढग भरून आलेत, फार थांबता येणार नाही.

नवा कोळसा धुतला, पाणी घेतलं, गोळी टाकली. फिकट गुलाबी. अगदी फिकट, लेकीच्या बाहुलीच्या गालांइतकं. तरी गुलाबीच. अजून धुतलं. पायलटचा पुन्हा निरोप आला. पुन्हा पाणी घेतलं, पुन्हा गोळी.

साफ. पण मला माझ्या डोळ्यांची खात्री वाटेना. घामाने डोळे चरचरत होते. बाटली पांढऱ्या चादरीसमोर धरली, नर्सला दाखवली, पुन्हा नवं पाणी घेऊन बघितलं. साफ. डॉक्टरला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुला खात्री आहे?"

खात्री असणं म्हणजे काय, हे मला आजपर्यंत कधी कळलेलं नाही. घरातून निघताना गॅस बंद केला का हे मी तीनदा बघते. समोर आंटी भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि फोनवरचा माणूस माझ्या एका शब्दासाठी थांबला होता. मी हो म्हटलं. तो म्हणाला ठीक आहे, पण पुन्हा पुन्हा तपासत राहा. विमान रिकामं परत गेलं. आंटीने ते आवाजावरून ओळखलं आणि खुर्चीचे हात सोडले.

त्यानंतरची ती डायलिसिसची पाळी म्हणजे माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब दुपार. नळीतल्या रक्ताचा रंग बदलला, ते पारदर्शक लाल दिसायला लागलं, की समजायचं की पेशी फुटताहेत. मी नळीवरची नजर काढली नाही. मधूनच मला वाटायचं की रंग बदलला, मी नर्सचा हात धरायचे, ती म्हणायची, "कुछ नहीं हुआ, बैठो." तो माणूस काम संपल्यावर चादरींमागून बाहेर जाऊन पुन्हा फाटकापाशी उभा होता, पाठ करून. पाऊस आला तरी हलला नाही. शेवटी आंटीच टॉवेलच्या फटीतून मला म्हणाली, "बस जरा खाली. तुझ्याकडे बघून मला भीती वाटायला लागली."

ती मशीनवरून नीट उतरली. तिला काही झालं नाही. मी व्हरांड्यात येऊन ढसाढसा रडले, आणि रडतच तिचा निरोप फाटकापाशी नेला. निरोप होता, त्याला सांग, भिजू नको, घरी जा.

त्या रात्री नवऱ्याला सॅटेलाइट फोनवर मी म्हटलं, आता मला कशाचीच भीती वाटणार नाही. फोन ठेवताना तो हसत होता.

पाऊसकाळ संपता संपता नर्सने राजीनामा दिला. तिच्या आईचं ऑपरेशन होतं आणि तीही माणूसच होती, किती दिवस एकटीने ओढणार. तिच्या जागेसाठी जाहिराती निघाल्या. लोक फोन करायचे, पगार विचारायचे, मग नकाशा बघायचे. एवढ्या लांब? रस्ता बंद होतो? एकटीने राहायचं? आणि तिथली माणसं कशी आहेत? माझ्या एका सहकाऱ्याने हे सगळे प्रश्न मला हसत हसत सांगितले. मला हसू आलं नाही. यातला एकेक प्रश्न मी आधी विचारून झाले होते. मी नर्स असते तर मीही नकाशा बघून फोन ठेवला असता.

कुणी आलं नाही. युनिट बंद करायचं ठरलं, माणूस मिळेपर्यंत. आरओ नुसता सोडून चालत नाही, आत जंतू वाढतात. तो धुऊन, औषध भरून, नीट बंद करावा लागतो. त्यासाठी मला पाठवलं.

आंटी व्हरांड्यात बसली होती. तिच्यासाठी विमान दुपारी येणार होतं, होस्टेलमध्ये जागा मिळाली होती. तिने मला नळ बंद करताना बघितलं आणि विचारलं, "पाणी बिघडलं?"

मी म्हटलं, नाही. पाणी अगदी चांगलं आहे.

ती मान हलवत राहिली. मला वाटलं होतं ती भांडेल, खुर्ची धरून बसेल. ती म्हणाली, मग ठीक आहे. मला तिथेच इतकी भीती वाटायला लागली, की मी बाटली घेऊन पुन्हा एकदा पाणी तपासलं, काही कारण नसताना. साफ होतं. तशी साफ बाटली हातात घेऊन मी उभी राहिले. हिला इथेच ठेवून घ्यायला आता कुठला नळ सोडू, कुठली गोणी भरू, हे मला कळेना. अशी भीती मला आधी कधी वाटली नव्हती.

विमानतळ म्हणजे मातीची पट्टी आणि एक पत्र्याची शेड. युनिटच्या गाडीतून मीच तिला नेलं. मुलगी, नातवंडं दुसऱ्या गाडीतून आली, सगळी तिला बिलगली. पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला, जाळीबाहेर, तो उभा होता. आमच्याकडे पाठ. आज हातात पाना नव्हता.

विमानाच्या पायरीवर चढताना तिने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "त्याला सांग, माझ्या कुत्र्यांना माझ्याच घरात झोपू दे. बाहेर काढू नको." मग आत जाऊन तिने टॉवेल डोक्यावर घेतला. खिडकीतून मला तेवढा टॉवेलच दिसत होता.

मी जाळीपर्यंत चालत गेले आणि निरोप सांगितला. तो बरं म्हणाला. पंखे फिरायला लागले, धुळीचा लोट उठून आमच्या अंगावर आला. विमान पट्टीवरून आमच्या दिशेने धावत आलं आणि आमच्या डोक्यावरून वर गेलं. तो जमिनीकडे बघत होता, मूठ आवळून. मी आजोबांच्या वेळची टपालवाली, मला माझं काम माहीत होतं. ती खिडकीत आहे तोवर त्याला वळायचं नव्हतं आणि ती दिसत नाही हे त्याला मीच सांगायचं होतं.

त्याने विचारलं, "वळू?"

मी वर बघितलं. विमान ढगात शिरेपर्यंत थांबले, आणि म्हटलं, वळ. तो वळला. आकाशात काही नव्हतं.